पाण्याची रेघ

पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाहीं असें आपण म्हणतों; परंतु पाण्यानें ओढलेली रेघ टिकते. कोल्हापुरांत नदीकडच्या पेठांतून फिरतांना कित्येक घरांच्या भिंतींवर, कोठें छातीएवढ्या तर कोठें माथ्याहून उंच अशी, ती आढळते, आणि घरांतलीं माणसें बोट दाखवून सांगतात, "हें २०१९ चें पाणी, आणि हें २०२१ चें." भिंतीवरची ही रेघ एवढेंच सांगते कीं, पाणी येथवर आलें. तें किती वेळांत आलें, मध्यें कोठें थबकलें, उतरतांना किती रेंगाळलें, हें तिच्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं दुसरी एक रेघ लागते. ती आंकड्यांवरून काढावी लागते, आणि तिला आपण आलेख म्हणतों. हा आलेख संगणकाच्या पडद्यावर, बोटाच्या इशाऱ्यासरशी जवळ येईल व दूर जाईल असा, घरच्या घरीं कसा तयार करावा, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या चार नद्या आणि लोकांच्या श्रद्धेंतील गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. कोल्हापूर शहरालगत कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. तेथील पाण्याची उंची फूट व इंच ह्या मापांत मोजतात, आणि पावसाळ्यांत जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष हा आंकडा वरचेवर जाहीर करितो. ३९ फूट ही इशारा पातळी. ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें. त्या दिवसांत भेटणारा मनुष्य आधीं कुशल विचारीत नसे, तो विचारी, "पाणी किती?" शिवाजी पुलाशीं 'मच्छिंद्री' झाली कीं नाहीं, हा दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यानें देतां येतें. पण खरा प्रश्न त्याच्या पोटांत असतो: आज रात्रीं घर सोडावें कीं सकाळपर्यंत थांबावें? त्याचें उत्तर एका आंकड्यांत नसतें; तें अनेक आंकड्यांच्या चालींत असतें.

हें मला माझ्याच चुकीनें समजलें. माझी मावशी शुक्रवार पेठेंत, नदीकडच्या उतारावर राहते. कांहीं वर्षांपूर्वींच्या एका पावसाळ्यांत मीं जाहीर होणारे आंकडे उतरून घेऊन संगणकावर त्यांचा आलेख काढण्याचा उद्योग चालविला होता. दिवसभर पाणी इंचाइंचानें चढत होतें. संध्याकाळीं ४३ फूट ९ इंच असा आंकडा आला, तो मीं ४३.९ असा लिहिला. त्यानंतर ४३ फूट १० इंच आला, तो ४३.१० असा लिहिला. पडद्यावरची रेघ खालीं वळलेली पाहून मला हायसें वाटलें, आणि मीं लगेच फोन केला, "मावशी, पाणी उतरायला लागलंय. आज रात्रीं हलूं नकोस." मावशी म्हणाली, "अरे, खालची पायरी आत्तां बुडाली कीं रे! उतरतंय कुठलं?"

मावशीला पायरी दिसत होती, मला पडदा दिसत होता. आणि पायरी खरें सांगत होती. मीं रेघेचा तेवढाच तुकडा मोठा करून पाहिला. तेव्हां दिसलें कीं, दोन लागोपाठच्या मापनांमध्यें पाणी साडेनऊ इंच उतरलें आहे. इंचाइंचानें चढणारी नदी एकाएकीं इतकी उतरते कशी? मग उलगडा झाला. बारा इंचांचा एक फूट. परंतु दशांश चिन्हापुढचे अंक दहाच्या हिशेबानें चालतात. संगणकाच्या दृष्टीनें ४३.१० म्हणजे ४३.१, आणि तो आंकडा ४३.९ पेक्षां लहान. वास्तविक ४३ फूट ९ इंच म्हणजे ४३.७५ फूट, आणि ४३ फूट १० इंच म्हणजे सुमारें ४३.८३ फूट. पाणी चढत होतें. उतरलें होतें तें माझें गणित. मीं तसाच पुन्हां फोन केला, आणि त्या रात्रीं मावशीचें बिऱ्हाड आमच्याकडे राजारामपुरींत आलें.

आंकड्यांची रेघ काढण्याची युक्ति तशी फार जुनी नाहीं. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध करून त्यांत इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आंकडे रेघांनीं दाखविले. हा मनुष्य आधीं जेम्स वॉटच्या हाताखालीं यंत्रांचे आराखडे काढीत असे. परंतु कागदावरची रेघ एकदां काढली कीं स्थिर झाली. तिचा एखादा तुकडा बारकाईनें पाहावयाचा तर नवा कागद घेऊन पुन्हां काढणें आलें. पडद्यावरचें चित्र माणसाच्या हाताला प्रतिसाद देतें, लहान-मोठें होतें, हें १९६३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्यें ईव्हान सदरलंड ह्यांनीं 'स्केचपॅड' ह्या आपल्या रचनेनें दाखवून दिलें. त्या वेळीं त्यासाठीं खोली व्यापणारें यंत्र लागे. आज शाळकरी मुलाच्या टेबलावरचा संगणक तें काम सहज करितो.

साधनें कोणतीं लागतात? नाटकाची संहिता असते, तशी संगणकाला द्यावयाच्या हुकमांचीहि संहिता असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. १९८८ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जॉन औस्टरहाउट ह्यांनीं 'टिकल' नांवाची एक लहानशी स्क्रिप्टभाषा रचली, आणि पुढें तिच्या जोडीला 'टीके' हा साधनसंच तयार केला. खिडकी, बटण, मजकुराची चौकट, चित्र काढण्याचा फळा अशा तयार वस्तु त्यांत असतात. आपण केवळ त्यांची मांडणी करावयाची. १९९१ सालीं गिडो व्हान रॉसम ह्यांची 'पायथन' भाषा प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांतूनहि हाच साधनसंच 'टीकिंटर' ह्या नांवानें वापरतां येऊं लागला. विंडोज संगणकावर पायथन नेहमींच्या रीतीनें बसविलें कीं टीकिंटर त्याच्याबरोबर येतें. ह्या कशालाहि दाम पडत नाहीं. ह्याहून तयार साधनेंहि आहेत. जॉन हंटर ह्यांनीं २००३ मध्यें पुढें आणलेल्या 'मॅटप्लॉटलिब'मध्यें जवळ आणण्याचें व सरकविण्याचें बटण आयतेंच मिळतें. परंतु एकदां तरी हातानें करून पाहावें, असें मी म्हणेन. कारण आंत काय चालतें हें ज्याला ठाऊक आहे, त्याला रेघ सहसा फसवूं शकत नाहीं.

टीकेच्या संचांतील चित्राच्या फळ्याला कॅनव्हास म्हणतात. आपला फळा ९६० ठिपके रुंद व ४०० ठिपके उंच आहे असें समजूं. त्यावर चाळीस दिवसांची, दर ताशीं घेतलेलीं मापनें मांडावयाचीं आहेत. चाळीस दिवस म्हणजे ९६० तास. तेव्हां एका तासाला एक ठिपका मिळाला. उंचीचा पल्ला १० फुटांपासून ६० फुटांपर्यंत, म्हणजे ५० फुटांचा ठेवला, तर एका फुटाला आठ ठिपके येतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. आपण उंची खालून वर मोजतों; कॅनव्हास वरून खालीं मोजतो. म्हणून ४३ फुटांची रेघ काढतांना प्रथम १० वजा करावे, उरलेले ३३ आठानें गुणावे, २६४ येतात, आणि ते ४०० मधून वजा करावे. धोक्याची रेघ वरून १३६ व्या ठिपक्यावर येते. ३९ फुटांची इशाऱ्याची रेघ त्याच हिशेबानें १६८ व्या ठिपक्यावर येते. ही वजाबाकी विसरली, तर पूर आला असतां रेघ खड्ड्यांत जाते.

आतां पाहा. एका फुटाला आठ ठिपके, म्हणजे एका इंचाला एक ठिपकाहि पुरता येत नाहीं. चाळीस दिवसांच्या चित्रांत इंचाची हालचाल डोळ्यांना दिसणेंच अशक्य. माझी ती साडेनऊ इंचांची खोटी उतरण ह्या चित्रांत जेमतेम सहा ठिपक्यांची होती. रेघ वळल्याचें दिसलें, पण किती वळली व तें संभवनीय आहे कीं नाहीं, हें दिसलें नाहीं. तेंच चित्र जवळ आणून उंचीचा पल्ला ४२ ते ४६ फूट एवढाच ठेवला, कीं एका फुटाला शंभर ठिपके मिळतात आणि एका इंचाला आठांहून अधिक. दुरून नदीचा स्वभाव दिसतो, जवळून तिचें पाऊल दिसतें. दोन्ही पाहावें लागतें. म्हणून जवळ-दूर करण्याची सोय ही आलेखाची शोभा नसून गरज आहे.

ही सोय करावयाची कशी? टीकेच्या संचांत कोणतीहि घडलेली क्रिया एखाद्या हुकमाशीं बांधून ठेवतां येते: माउसचें चाक फिरलें तर हें कर, बटण दाबलें तर तें कर. चाक एकदां फिरलें कीं पल्ला निम्मा करावयाचा, असें समजूं. परंतु निम्मा कोणत्या बाजूनें? येथेंच बहुतेक नवशिके अडतात. नियम असा कीं, माउसचें टोक ज्या क्षणावर आहे, तो क्षण पडद्यावर जागचा हलतां कामा नये. चित्र पहिल्या दिवसाच्या आरंभापासून, म्हणजे शून्यापासून, चाळिसापर्यंत आहे आणि टोक तिसाव्यावर आहे. टोकाच्या डावीकडे तीस दिवस आहेत, त्यांचे पंधरा करा. उजवीकडे दहा आहेत, त्यांचे पांच करा. नवें चित्र पंधरापासून पस्तिसापर्यंत झालें. पूर्वीं तीस हा आंकडा रुंदीच्या पाऊण भागावर होता, आतांहि तो पाऊण भागावरच आहे. पाहणाऱ्याला वाटतें कीं आपण नदीच्या जवळ गेलों. प्रत्यक्षांत आपण केवळ कांहीं गुणाकार व बेरीज-वजाबाक्या केल्या. व्यवहारांत पल्ला निम्म्याऐवजीं चार-पंचमांश करणें बरें, म्हणजे झटका बसत नाहीं. चाकाची खबर मात्र सर्वत्र सारखी येत नाहीं. विंडोजवर ती १२० च्या पटींत येते. लिनक्सवर टीकेच्या जुन्या आवृत्त्यांत चाक फिरणें म्हणजे चौथें व पांचवें बटण दाबणें समजलें जातें. दोन्हींची तजवीज करावी.

कॅनव्हासला 'स्केल' नांवाचा एक तयार हुकूम आहे. त्यानें काढलेलें चित्रच ताणतां येतें. प्रथम तो मोहक वाटतो. पण तो केवळ ठिपक्यांच्या जागा बदलतो. अक्षरांचा आकार व रेघांची जाडी जशीच्या तशी राहते, आणि पुन्हां पुन्हां ताणल्यानें बारीक बारीक चुका सांचत जातात. त्यापेक्षां दर वेळीं फळा पुसून मूळ आंकड्यांवरून चित्र नव्यानें काढणें चांगलें. ९६० मापनें पुन्हां मांडावयास संगणकाला डोळ्याचें पातें लवण्याइतकाहि वेळ लागत नाहीं. शिवाय त्यांत एक तत्त्व आहे: आंकडे हें मूळ, चित्र ही त्याची छाया; छायेला ओढाताण करूं नये.

चित्र सरकविण्यासाठीं, बटण दाबलें त्या जागीं कोणता क्षण होता हें लक्षांत ठेवावें, आणि हात जसजसा सरकेल तसतसा तोच क्षण बोटाखालीं राहील असा पल्ला सरकवावा. जवळ जातां जातां मनुष्य वाट चुकतो. म्हणून प्रत्येक पल्ला एकावर एक ताटें रचावीं तसा रचून ठेवावा आणि उजव्या बटणानें वरचें ताट उचलावें, म्हणजे मागच्या चित्रावर येतां येतें. बेल प्रयोगशाळेंतील जॉर्ज हाउलेट ह्यांनीं टीकेसाठीं केलेल्या 'बीएलटी' ह्या पुरवणींत अशीच सोय होती. दोनदां टिचकी मारली कीं सगळें चित्र परत, अशीहि योजना ठेवावी.

कडेचीं मापेंहि पल्ल्याबरोबर बदललीं पाहिजेत. चाळीस दिवस दिसत असतां दर पांच दिवसांनीं खूण. एक दिवस दिसत असतां दर दोन तासांनीं. उंचीच्या बाबतींत पुस्तकांतून एक, दोन, पांच अशा पायऱ्या सांगितलेल्या असतात, परंतु आपलें माप फूट-इंचांचें; तेव्हां पांच फूट, एक फूट, सहा इंच, तीन इंच, एक इंच अशा पायऱ्या घ्याव्या, आणि खुणेशेजारीं '४३ फूट ६ इंच' असेंच स्पष्ट लिहावें. जो आंकडा लोक तोंडानें बोलतात, तोच पडद्यावर असावा.

आतां ह्या सोयीचा दोष सांगतों, कारण तो न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. उंचीचा पल्ला फार लहान केला, कीं दोन इंचांची उतरण कड्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला उगाच धीर येतो. तोच फार मोठा केला, कीं धोक्याकडे जाणारी चढण सपाट मैदानासारखी दिसते. म्हणून चाकानें केवळ काळाचा पल्ला बदलावा, उंचीचा स्थिर ठेवावा. उंची बदलावयाचीच असेल तर शिफ्टची कळ दाबून, जाणूनबुजून. ३९ व ४३ ह्या दोन रेघा चौकटीबाहेर गेल्या तर कडेला बाण काढून 'धोक्याची रेघ येथून २ फूट वर' असें लिहावें. आणि खालीं एक अरुंद पट्टी ठेवून तींत सगळा पावसाळा दाखवावा, म्हणजे आपण कोठें उभे आहों हें विसरत नाहीं.

अनेक वर्षें एकत्र पाहावयाचीं असतील, तर आणखी एक खांच आहे. दर ताशीं एक ह्या हिशेबानें दहा वर्षांचीं ८७,६०० मापनें होतात, आणि ठिपके तर ९६०. म्हणजे एका ठिपक्याच्या वांट्याला सुमारें ९१ मापनें, जवळ जवळ चार दिवस. अशा वेळीं सरासरी काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. चार दिवसांच्या सरासरींत महापुराचें शिखर कापलें जातें, आणि घर बुडतें तें सरासरी पाण्यानें नव्हे, शिखराच्या पाण्यानें. प्रत्येक ठिपक्यासाठीं त्या काळांतील सर्वांत कमी व सर्वांत अधिक असे दोन आंकडे घेऊन उभी रेघ काढावी. शिखर जसेंच्या तसें राहतें. त्याचप्रमाणें ज्या तासाचें मापन मिळालें नाहीं, तेथें रेघ तुटलेली ठेवावी. दोन टोकें जोडून टाकणें म्हणजे न पाहिलेली साक्ष देणें होय.

हें साध्य झालें, कीं आलेख प्रश्नांचीं उत्तरें देऊं लागतो. शाहू महाराजांच्या दूरदृष्टींतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पुरेसें चढलें कीं ते आपोआप उघडतात, आणि त्याची बातमी लगेच शहरांत येते. तो क्षण आलेखावर उभ्या रेघेनें दाखवावा, आणि तेथून पुढें चित्र जवळ आणून पाहावें कीं राजाराम बंधाऱ्याशीं चढण किती तासांनीं वाढली. मध्यें पाऊस किती पडला, इतर नद्यांचें पाणी किती आलें, ह्यांचाहि विचार करावा लागेल. तरी दोन-चार पावसाळ्यांचे असे आलेख शेजारीं ठेवले, तर ऐकीव अंदाजापेक्षां पुष्कळ अधिक कळतें.

माझ्या आलेखांत मीं पुढें दोन सुधारणा केल्या. फूट व इंच आतां दोन निराळ्या चौकटींत भरावे लागतात, आणि इंचांच्या चौकटींत अकराहून मोठा आंकडा घेतलाच जात नाहीं. संगणक स्वतःच इंचांना बारानें भागून फुटांत मिळवितो. दुसरी सुधारणा अशी कीं, लागोपाठच्या दोन मापनांत सहा इंचांहून अधिक फरक पडला, तर त्या ठिपक्यावर प्रश्नचिन्ह उमटतें. ठिपका पुसला जात नाहीं, कारण नदी खरोखरच झपाट्यानें चढूं शकते. फक्त पाहणाऱ्याला थांबून विचार करावयास सांगितलें जातें. तिसरी सुधारणा संगणकांत नाहीं. पाणी ३९ फुटांवर गेलें कीं मी मावशीला फोन करितों, आणि आलेख काय म्हणतो हें सांगण्यापूर्वीं तिला विचारतों, "खालची पायरी दिसते का?"